एकाच गोष्टीचा अर्ज

निंभोरखेडच्या चावडीसमोर कोंडवाड्याची नवी भिंत उभी आहे. चुन्याची, सरळसोट, कुठे केसाएवढाही तडा नाही. गावातल्या एकाही विहिरीला गोडं पाणी नाही, पण चुकार गुरं कोंडायला अशी भिंत सगळ्या जळगाव जामोद तालुक्यात शोधून सापडायची नाही. उकंडराव पाटलांना चावडीत शिरताना ती रोज दिसायची, आणि गेल्या आखाजीपासून ते तिच्याकडे न बघताच आत शिरायचे.

ही भिंत अर्जातून आली. वरवट बकालपासून दोन कोसांवरचं हे गाव खाऱ्या पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी डाळ शिजायला नको आणि तोंडात धरायलाही नको. उन्हाळा लागला की बायका नाल्याच्या वाळूत खड्डा करायच्या, त्याला झिरा म्हणायचं, आणि त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. त्याच नाल्यात दुपारी गुरं उतरायची. नाल्याच्या वरच्या अंगाला सरकारी गुरचरण होतं, ई-क्लासची जमीन. तिथं खोदलं तर गोडं पाणी लागतं हे गावातल्या जाणत्यांना ठाऊक होतं. पण सरकारी जमिनीत कुदळ मारायची तर डिप्टी कमिशनर साहेबाची मंजुरी हवी, आणि विहीर बांधायची तर लोकल बोर्डाचा पैसा हवा. म्हणून आदल्या वर्षी गावानं अर्ज केला.

आता गावाचा अर्ज म्हटला की त्यात मानपान आलाच. पोळ्याला पहिली जोडी पाटलाची निघते, मग पंजाबरावांची, मग इतरांची. त्याच रांगेनं अर्जात गाऱ्हाणी बसली. पाटलांचा कोंडवाडा पहिला, पंजाबरावांच्या वावराकडे जाणारी पांदण-वाट दुसरी, मग दारूचं दुकान, बाजाराचा दिवस, देवळाची पायरी. ज्याचा सरकारशी काडीचा संबंध नाही तेही घातलं, कारण ज्याचा अंगठा त्याचं गाऱ्हाणं, नाही तर माणूस रुसतो. पाणी मात्र सगळ्यांचंच होतं, त्यामुळे त्याच्यासाठी मान मागायला कोणी पुढे आलं नाही. ते गेलं अगदी शेवटी, ‘आणि गावास पाण्याचीही अडचण आहे’ एवढ्या शब्दांत. एका अर्जनवीसानं हे सगळं एका दमात, कुठंही न थांबता लिहून दिलं. गाव खूश झालं. अर्जात आपण आहोत ना, एवढंच प्रत्येकाला बघायचं होतं.

साहेबानं वाचलं असेल तेवढं वाचलं आणि पहिली मागणी मंजूर केली. त्यात त्याला तरी काय बोल लावायचा!

फाल्गुनात भिंत पुरी झाली. वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाटलांची थोरली लेक शालूबाई माहेरी आली. तिला घाटावर अमडापूरला दिलेली होती. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, तशी तीही आली आणि निंबाच्या झाडाखाली दोन दिवस तिच्या गाण्यांनी गजबजले. मग मरी आली. ढाळ आणि उलट्यांनी शालूबाई चौथ्या दिवशी गेली.

पाटलांनी लोकांना सांगितलं, “पोरीले ऊन लागलं.”

पाटलाच्या वाड्यात मरी शिरली असं कोणी म्हणू नये, हे एक. धाकट्या आशाबाईची सोयरीक ठरत होती, पाहुण्यांनी मागचं पाऊल घेऊ नये, हे दुसरं. गावानं माना डोलावल्या. ऊन खरंच कडक होतं, आणि पाटलांच्या तोंडावर कोण बोलणार? पण त्या दिवसापासून त्यांची कारभारीण कौशल्याबाई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाय धुवायला पाणी ठेवायची, विचारलं तर हो-नाही करायची, बस्. पाटलांनी समजूत करून घेतली की आपण खोटं बोललो, लेकीचं मरण झाकलं, त्याचा हा राग आहे. आणि तो राग त्यांना रास्तच वाटायचा.

मार्गशीर्षात आशाबाईचं लग्न झालं. येणारी आखाजी तिची पहिली. पहिल्या आखाजीला नवी नवरी माहेरी आली नाही तर सासरचे काय म्हणतील ते म्हणतील, पण पोरगीच जात्यावर बसून रडेल. पाटलांनी माघात विषय काढला तेव्हा कौशल्याबाईनं सुपातली ज्वारी पाखडता पाखडता सांगितलं, “आशीले मी आनत नाही.”

का, असं पाटलांना विचारता आलं नाही. विचारलं असतं तर ती पाणी म्हणाली असती, आणि त्यांनी तर ऊन सांगितलं होतं.

अशात बातमी आली की साहेबाचा कॅम्प वरवट बकालला पडतो आहे. पाटलांनी लोकांना चावडीत बोलावलं. अर्ज लिहायला या खेपेला शाळेचे निवृत्ती मास्तर होते. मास्तर गावात नवे, बोर्डाच्या शाळेवर दिवाळीनंतर आलेले, बारीक अंगाचे आणि बोलायला फटकळ.

“अर्ज मी लिवतो,” मास्तर म्हणाले, “पन एकच गोष्ट लिवीन. पानी.”

“अन् पांदन?” पंजाबराव म्हणाले. पाटलांच्या खालोखाल जमीन त्यांचीच.

“पांदनीचा अर्ज पुढच्या साली.”

“पुढच्या साली साहेब बदलला म्हंजे?”

“त नव्या साहेबाले देऊ. पांदन कुठं पळून जाऊन राह्यली?”

लोक हसले. पंजाबराव हसले नाहीत. कारभारी नावाचा कोतवाल दाराशी उभा होता, त्यानं विचारलं, “मास्तर, पह्यले मायबाप सरकार, गरीबपरवर, ते त लिवसान ना?”

“लिवतो. पन दोनच शब्द. साहेबाचं डोकं ताजं असते तवाच कामाचं वाक्य त्याच्या पुढं जावं. वंदनातच ते थकवून टाकलं त मंग काय उरते?” मास्तरांनी कागद मांडीवरच्या पाटीवर सरळ केला. “मी पोट्ट्याईले परिच्छेद शिकवतो, तसाच हा लिवतो. पह्यल्या वाक्यात काय दुखते ते. मंग काऊन दुखते ते. मंग त्याचा पुरावा. मंग काय पाह्यजे ते. जे वाक्य यातल्या कशाच्याच कामाचं नाही ते कितीबी चांगलं असो, बाहेर. अन् शेवटी थांबायचं. आपल्या लोकाईले ते थांबनंच जमत नाही.”

सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पहिला मान त्यांचा, तो सोडायचा तर आधी त्यांनी सोडायला हवा.

“लिवा,” पाटील म्हणाले. “माहं काई राह्यलं नाही. फक्त पानी.”

पाटलांनी सोडलं म्हटल्यावर पंजाबरावांना पांदण धरून बसता येईना. त्यांनी सोडलं, मग बाकीच्यांनीही सोडलं. ज्या रांगेनं गाऱ्हाणी आली होती त्याच रांगेनं ती परत गेली, आणि मास्तरांनी बोरू दौतीत बुडवला. एक वाक्य लिहिलं, वाचून दाखवलं: निंभोरखेड गावास उन्हाळ्यात पिण्याजोगे पाणी नाही. दुसरं वाक्य झिऱ्याचं आणि गुरांचं. तिसरं, हे पाणी पिऊन माणसे मरतात. तिथं त्यांनी बोरू खाली ठेवला.

“आता पुरावा पाह्यजे. नाही त साहेब म्हनन, मरी कुठं नसते?”

“गुलनारचं लिवा,” मागून हैदर पिंजारी म्हणाला. हिवाळाभर तो लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा. त्याची लहानगी गुलनार त्याच आखाजीच्या आठवड्यात गेली होती. “लिवा, मले काई शरम नाही.”

त्यानं तोंड उघडलं आणि मग सगळ्यांचीच तोंडं उघडली. कोणाची माय, कोणाचा भाऊ, कोणाचं पाळण्यातलं लेकरू. जो तो आपल्या माणसाचं नाव पुढं करू लागला. पुन्हा रांग लागली, या खेपेला मेलेल्यांची, आणि त्यातही कोणाचं नाव आधी यावं यावरून दोघं हमरीतुमरीवर आले. पाटील मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांच्या घरचं नाव त्या रांगेत नव्हतं.

मास्तरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सगळे लिवले त एकबी दिसनार नाही. साहेब पह्यलं नाव वाचन, दुसरं वाचन, मंग पान उलटन. एकच लिवू, पन असं लिवू का त्यावर त्याले दुसरं काई म्हनताच येऊ नये. बारक्या पोरीचं लिवलं त म्हनन नाजूक होती. म्हाताऱ्याचं लिवलं त म्हनन वय झालं होतं. जे मानूस बाहेरगावाहून धडधाकट आलं, अथलं पानी प्यालं अन् गेलं, असं एक पाह्यजे.”

ते कागदाकडे बघत बोलत होते.  जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. मास्तरांना कोणी सांगितलं असेल, असा विचार पाटलांच्या मनात आला, आणि लगेच उत्तरही आलं की सांगायला कशाला हवं, सगळ्यांना ठाऊकच होतं. इतके महिने त्यांना वाटत होतं की आपण एक गोष्ट झाकून ठेवली आहे. प्रत्यक्षात ती गावानं त्यांच्यासाठी झाकून धरली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी हैदर बोलला.

“पाटील, गुस्सा करू नका. तुमची शालू अन् माही गुलनार एकाच झिऱ्याचं पानी प्याल्या. माही पोरगी मरीनं गेली असं मी चार लोकाईत म्हनलो अन् रडलो. तुमाले तेवढं बी करता नाही आलं.”

“ए हैदर, कोनाशी बोलून राह्यला बे?” पंजाबराव खेकसले.

पाटलांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मग मास्तरांकडे वळून त्यांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. “आमचं घरानं जुनं. आमच्या आज्यानं हे गाव वसवलं. शालूचं लगन झालं तवा अमडापूरच्या वऱ्हाडाच्या गाड्या पार नाल्यापावतर उभ्या होत्या...”

मास्तरांचा बोरू दौतीतच होता. ते अडवत नव्हते, लिहीतही नव्हते, नुसते ऐकत होते. पाटील बोलता बोलता त्या बोरूकडे बघू लागले. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा कोंडवाडाच बांधतो आहोत. ते थांबले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि दुसऱ्यांदा सुरुवात केली.

“शालूबाई. माही पोरगी. अमडापूरले देल्ली होती. तथी मरी नव्हती. आखाजीले आली तवा चांगली होती, झोक्यावर बसली, गानी म्हनली. आमच्या घरी झिऱ्याचं पानी प्याली. चौथ्या दिवशी मरीनं गेली.” बोरू कागदावर करकरत होता. तो थांबल्यावर पाटलांनी विचारलं, “ऊन नव्हतं लागलं, हे बी लिवता का?”

“त्याची गरज नाही, पाटील,” मास्तर म्हणाले. त्यांचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. “ते साहेबाच्या कामाचं नाही. ते तुमी आमाले सांगतलं, तेवढं पुरे.”

मग त्यांनी विहिरीची मागणी एका वाक्यात लिहिली आणि ते थांबले. अर्धं पानही भरलं नव्हतं. पाटलांना मोडी सहीपुरतीच यायची, म्हणून त्यांनी अर्ज वाचून घेतला, पुन्हा वाचून घेतला, आणि घरी जाईपर्यंत तो त्यांना तोंडपाठ झाला होता. आदल्या वर्षीच्या अर्जातलं त्यांना स्वतःच्या मागणीपलीकडे अक्षर आठवत नव्हतं.

वरवट बकालच्या आमराईत साहेबाचे तंबू पडले होते. गावोगावचे लोक जाडजूड अर्ज घेऊन बसलेले, आणि शिरस्तेदार ते अर्ज नुसते चाळून गठ्ठ्यात टाकत होता. निंभोरखेडचा अर्ज त्यानं हातात घेतला, वाचला, वर बघितलं, पुन्हा वाचला आणि तसाच उठून साहेबाकडे नेला. साहेबानं ऐकलं आणि विचारलं, मुलीचे वडील आले आहेत का? पाटील उभे राहिले. साहेबानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो अर्जाच्या कडेला लिहू लागला. त्या वर्षी बोर्डाजवळ पैसा शिल्लक होता हेही खरं. नुसत्या लिहिण्यानं विहिरी खणल्या जात नाहीत. पण जागा बघायला ओव्हरसियर दुसऱ्याच दिवशी पाठवतो आणि उन्हाळ्याच्या आत काम पुरं करवतो, असं शिरस्तेदारानं सगळ्यांदेखत सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडीत हैदर पाटलांच्या शेजारी बसला होता. 

पाटील घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. कौशल्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. पाटील जोडा काढून थेट स्वयंपाकघरात आले, जे ते एरवी कधी करत नसत, आणि भिंतीला टेकून खाली बसले. मनातून ते हलके झाले होते. खरं बोललो, चार लोकांत बोललो, साहेबापुढं उभा राहिलो. आता तरी हिचा राग जाईल, असं त्यांना वाटत होतं.

“इहीर मंजूर झाली,” ते म्हणाले. “आखाजीच्या आत पानी लागन म्हनते. आता आशीले आनू.”

कौशल्याबाईनं भाकरी तव्यावर टाकली. “काय लिवलं होतं अर्जात?”

एवढं लांब वाक्य ती कित्येक दिवसांनी बोलली होती. पाटील सरळ बसले आणि शाळेतल्या पोरानं म्हणावं तसा त्यांनी अर्ज म्हणून दाखवला.

“निंभोरखेड गावास उन्हाळ्यात पिण्याजोगे पाणी नाही. गावच्या विहिरी खाऱ्या असल्यामुळे लोक नाल्यातील झिऱ्याचे पाणी पितात, आणि त्याच नाल्यात गुरे उतरतात. हे पाणी पिऊन माणसे मरतात. गावचे पाटील उकंडराव यांची कन्या शालूबाई गेल्या आखाजीस अमडापुराहून माहेरी आली, तेव्हा तिची प्रकृती उत्तम होती आणि अमडापुरात मरी नव्हती. ती माहेरी हे पाणी प्याली आणि चौथ्या दिवशी मरीने वारली. नाल्याच्या वरच्या अंगास सरकारी जमिनीत गोडे पाणी आहे; तेथे विहीर खोदण्यास मंजुरी मिळावी.”

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. कौशल्याबाईचे पिठाचे हात तसेच काठवटीत राहिले.

“ती माहेरी हे पानी प्याली,” ती म्हणाली. “कोनाच्या हातानं प्याली, ते नाही लिवलं?”

पाटील पुढं सरकून बसले.

“तहान तहान करे ती. तांब्या तोंडाले लावला का घटाघटा पिये, पुन्हा वकून टाके, पुन्हा मांगे. मी भरू भरू देल्लं. सारी रात. तेच पानी.” ती चुलीकडे बघत बोलत होती. “सकाळी तुमी लोकाईले म्हनले, ऊन लागलं. अन् मी मनाशी म्हनलं, हाव, ऊनच असन. उन्हाच्या मानसाले पानीच द्या लागते. मंग मी केलं ते बरोबर केलं. ते एकच धरून बसली होती मी. कोनाशी बोलली असती त सुटून गेलं असतं.”

 इतके महिने तिच्या गप्प राहण्याला ते राग समजत होते. राग नव्हताच. मानापायी त्यांनी जे खोटं सांगितलं होतं, त्याच खोट्याच्या आधारानं ही बाई उठत होती, बसत होती, भाकरी थापत होती, आणि तो आधार ते आज साहेबाच्या तंबूत देऊन आले होते. धावत जावं आणि तो कागद परत आणावा, असं त्यांना वाटलं.

“तुले काय माहीत होतं, व?” ते कसेबसे म्हणाले. “मले बी माहीत नव्हतं.”

“नव्हतं,” ती म्हणाली. चिमट्यानं करपलेली भाकरी काढून तिनं बाजूला ठेवली. “पुन्हा म्हना.”

“राहू दे आता.”

“म्हना.”

पाटलांनी पुन्हा सुरुवात केली.  शालूबाईचं नाव आलं तेव्हा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. “ती माहेरी हे पाणी प्याली” इथं कौशल्याबाईनं हात वर केला.

“अथी म्हना, मायच्या हातानं.”

मास्तर असते तर म्हणाले असते, साहेबाच्या कामाचं नाही, बाहेर काढा. पण इथं साहेब नव्हता. पाटलांनी डोळे मिटले. “ती माहेरी, मायच्या हातानं, हे पाणी प्याली,” ते म्हणाले, “आणि चौथ्या दिवशी मरीने वारली.”

“हाव,” कौशल्याबाई म्हणाली. “असंच झालं.” आणि मग ती रडली. शालूबाईला नेलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. पिठाच्या हातांनी तिनं तोंड झाकलं आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. पाटील उठून तिच्याजवळ गेले आणि खाली बसले. चूल विझत आली तरी कोणाला तिच्यात काडी सारायचं सुचलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं.

“इहिरीले पानी लागलं का मले सांगा,” ती म्हणाली. “पह्यले मी पिईन. चार दिवस. मंग आशीले आना.”